पाइपातली हवा आणि गच्चीवरचं बूच

पत्र: आमचं नेरूळला रो हाऊस आहे. तळमजला, वर एक मजला आणि गच्ची. गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर आहे. सात वर्षं त्याने काही म्हणून त्रास दिला नाही. गेल्या वर्षी वरच्या बाथरूमचं काम काढलं. मुलीच्या हौसेखातर छतातला मोठा शॉवर बसवला आणि त्याला जोर यावा म्हणून गच्चीवर टाकीशेजारीच गरम पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप लावला. त्याच वेळी गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, वॉटरप्रूफिंग केलं आणि जमिनीलगत जाणारा गरम पाण्याचा पाइप उचलून कठड्यावरून खाली सोडला. तेव्हापासून सकाळी गरम नळ सोडला की आधी फुरफुरतो, मग थुंकल्यासारखं पाणी येतं, कधी कधी काहीच येत नाही. प्लंबर येतो, ‘एअर पकडलंय’ म्हणतो, गार आणि गरम नळाला नळी जोडून हवा काढतो, पाचशे रुपये घेतो. आठ-दहा दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. दिवाळीपासून पाच वेळा झालं. सोलरच्या टाकीवरच्या उभ्या पाइपातून पाणी ठिबकायचं, त्याला त्याने बूच मारून दिलं, ते मात्र थांबलं. आता एक जण म्हणतो नळ्या गेल्या, दुसरा म्हणतो टाकीच बदला. मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तो म्हणतो, आमच्याकडे खोली गरम करणाऱ्या रेडिएटरला किल्ली लावून हवा सोडतात, तू सरळ आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवून टाक. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, नेरूळ

ताई, तुमचं पत्र वाचत वाचत बुचापर्यंत आलो आणि हातातला चहा खाली ठेवला. पंप, कठडा, लेस्टर, सगळ्याबद्दल बोलू. आधी ते बूच काढा.

तो उभा पाइप म्हणजे तुमच्या टाकीचं नाक. घरगुती सोलरची ही टाकी प्रेशर कुकरसारखी दाब धरायला बनवलेली नसते. आत पातळ स्टीलचा पत्रा, त्यावर फोमचं वेष्टण आणि बाहेरून रंगवलेला दुसरा पत्रा, एवढाच तिचा जीव. २०० लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्टवर गेलं की ते फुगून तीन-साडेतीन लिटरने वाढतं. गार पाण्याच्या पाइपावर एन.आर.व्ही. (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असेल आणि वरून बूच, तर या वाढीव पाण्याने जायचं कुठे? आणि उलट बाजूही आहे. खाली शॉवर सुरू झाला, पंप खेचायला लागला आणि नाक बंद, की टाकी आतून ओढली जाते. ज्यूसच्या खोक्याला स्ट्रॉ लावून जोरात ओढलं की तो कसा चेपतो, तसे सोलरच्या टाक्यांचे पत्रे आत गेलेले मी पाहिले आहेत. तुमची टाकी अजून चेपली नसेल तर त्याचं कारण बहुधा हेच, की ती दुसरीकडून हवा आत घेते आहे. प्रत्येक काचेची नळी जिथे टाकीत शिरते तिथे एक सिलिकॉनची रिंग असते. ती आतून बाहेर येणारं पाणी अडवते, बाहेरून आत ओढली जाणारी हवा अडवेलच असं नाही. म्हणजे ठिबकणं थांबवायला मारलेलं बूच तुमच्या पाइपात हवा भरायला मदत करत असण्याची दाट शक्यता आहे.

काढायचं कसं ते नीट वाचा. दुपारी गच्चीवर पाना घेऊन जाऊ नका. आतलं पाणी हात भाजण्याइतकं गरम असतं आणि त्यामागे वाफही असू शकते. आदल्या रात्री होईल तेवढं गरम पाणी वापरून टाका. सकाळी ऊन पडायच्या आत पंपाचा स्विच बंद करा, सोलरकडे येणारा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि तळमजल्यावरचा गरम नळ उघडून ठेवा. तिथे कुणाला तरी उभं करा. नळाचं पाणी कमी होत होत थांबलं की वर बूच हळूहळू सैल करा. तोंड बाजूला ठेवून, हात लांब करून. बूच सैल होतानाच खालच्या माणसाने ‘अगं, पाणी आलं!’ अशी हाक मारली, तर बुचामुळे टाकीचा श्वास कोंडला होता हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. नळ लगेच बंद करा. गार पाण्याचा कॉक पुन्हा उघडायचा तोही सकाळीच. नळ्या रिकाम्या असतील आणि उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी गेलं तर त्या तडकतात.

आता तो पाइप मुळात ठिबकत का होता? सात वर्षं ठिबकला नाही, शेड आली आणि ठिबकायला लागला. माझा अंदाज असा की पत्रे टाकताना तो आडवा आला आणि कुणीतरी फूट-दोन फूट कापला. या पाइपाचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या भरलेल्या पातळीपेक्षा वर असावं लागतं, निदान फूटभर. खाली असेल तर टाकी भरली की पाणी तिथून बाहेर येणारच. खात्री करायला इंजिनियर नको, गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरते. तिचं एक टोक गार टाकीच्या ओव्हरफ्लोपाशी धरा, दुसरं उभ्या पाइपाच्या तोंडापाशी. दोन मिनिटांत निकाल लागतो. तोंड खाली निघालं तर पत्र्याला भोक पाडून पाइप वर न्या आणि टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आणि कबुतरांची पिसं आत जाणार नाहीत. पाइप जी.आय.चा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा घ्या. साधा पांढरा पी.व्ही.सी. साठ अंशांनंतर मऊ पडून मान टाकतो, आणि मे महिन्यात तुम्ही गावी गेलात, आठवडाभर कुणी पाणी वापरलं नाही, की या नळ्यांमधलं पाणी उकळीपर्यंत जाऊ शकतं.

बूच एवढ्यावर संपलं. पण नुसतं बूच काढून फुरफुर पूर्ण थांबेल असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे एकात एक तीन भानगडी आहेत आणि प्रत्येक वेळी पाचशे रुपये देऊन त्यातली एकही सुटलेली नाही. तुमचा प्लंबर वाईट माणूस आहे असं नाही. तो नळी जोडून गार पाण्याच्या जोराने बुडबुडा मागे ढकलतो, ती युक्ती खरी आहे, आम्ही सगळ्यांनी केलेली आहे. पण ताप आला की क्रोसिन द्यायची आणि ताप कशाचा ते बघायचंच नाही, असं किती दिवस चालणार? हवा पाचव्यांदा आली म्हणजे ती रोज आत येते आहे. दार कुठलं, ते शोधायचं.

थोडी हवा पाण्यातूनच येते, ती येऊ द्या. गार पाण्यात जेवढी हवा विरघळून राहते तेवढी गरम पाण्यात राहत नाही. नुसता प्राणवायू धरला तरी पंचवीस अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, साठ अंशांना पाचाच्याही आत येतो. उरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या उभ्या नाकातून निघून जाते. काचेच्या ग्लासात गरम पाणी घेऊन बघा. दुधाळ दिसलं आणि खालून वर नितळ होत गेलं तर हवा. वरून खाली नितळलं आणि तळाशी पूड बसली तर क्षार. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, त्यात क्षारांचा त्रास सहसा नसतो. पण तुमच्याकडे मधूनमधून टँकर येत असतील आणि ते बोअरचं पाणी असेल, तर गोष्ट वेगळी.

नळ थुंकण्याइतकी हवा मात्र पाण्यातून येत नाही. ती पंप आणतो.

नवा व्हेंट पाइप, म्हणजे तोच उभा पाइप, बसला की ही परीक्षा करा. एक जण खाली मोठा शॉवर पूर्ण सोडेल. दुसऱ्याने गच्चीवर व्हेंटच्या वळलेल्या तोंडाला भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी हलकेच टेकवायची. हेही सकाळीच. सुरुवातीला पिशवी दोन-चार सेकंद आत ओढली जाईल, त्यात काही विशेष नाही, पाइपातली पातळी थोडी खाली जातेच. पण शॉवर चालू असेपर्यंत पिशवी तोंडाला चिकटूनच राहिली, तर टाकीत पाणी येतंय त्याहून जास्त बाहेर जातंय आणि फरक हवेने भरून निघतोय. पातळी गरम पाण्याच्या आउटलेटच्या खाली गेली की पंप पाण्याबरोबर हवाही गिळतो. तेच खाली तुमच्या डोक्यावर थुंकलं जातं.

असं का होतं याचा हिशेब सोपा आहे. तुमची गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा फूट-दीड फूटच वर असणार, बहुतेक घरांत तेवढीच असते. एवढ्याशा उंचीवर, अर्ध्या इंची पाइपातून, दोन-तीन एल्बो (काटकोनी जोड) आणि एक अर्धवट उघडणारा कॉक पार करून मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी उतरलं तरी खूप झालं. सात वर्षं ते पुरलं, कारण साधा शॉवर मागतोच तेवढं. आता पंप मिनिटाला पंचवीस लिटर खेचू बघतो. तिजोरीत येतात नऊ, खर्च पंचवीसचा! (छतातल्या शॉवरबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. २०० लिटरच्या सोलरवर तो म्हणजे स्कूटरला ट्रॉली. मुलीची आणि तिच्या मागून जाणाऱ्याची अंघोळ झाली की तिसऱ्याला गार पाणी. पण हौस आहे, राहू द्या.)

उपाय असा. गार टाकीतून सोलरच्या टाकीत येणारा पाइप पूर्ण एक इंची करून घ्या, मधल्या कॉकच्या जागी फुल बोअरचा, म्हणजे उघडल्यावर पाइपाएवढीच मोकळी वाट देणारा बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि त्या लाइनीत स्प्रिंगचा एन.आर.व्ही. असेल तर तो काढून झडपेचा लावा, कारण दीड फुटाच्या दाबाचा बराचसा भाग स्प्रिंग उघडण्यातच जातो. पाइपाचा व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट वाहत नाही, पाचपट वाहतं. कॉन्ट्रॅक्टरने ‘पाऊण इंची चालेल’ म्हटलं तरी ऐकू नका. टाकीचं सॉकेटच लहान असेल तर शेवटची वीतभर तेवढी लहान राहू द्या. पंपाच्या पुढच्या, म्हणजे पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूला एक कॉक टाकून तो थोडा आवळा, पिशवी चिकटायची थांबेपर्यंत. मागच्या बाजूचा कॉक चुकूनही आवळायचा नाही, त्याने पंप आणखी हपापतो. जाता जाता पंपाच्या पाटीवर पाण्याचं कमाल तापमान किती लिहिलंय तेही बघा. गार पाण्याचे पंप गरम लाइनवर लावून दिलेले सर्रास आढळतात.

आता कठडा. ही तिसरी भानगड, आणि कधी कधी नळाला काहीच येत नाही त्याचं उत्तर इथे आहे.

पूर्वी पाइप जमिनीलगत उतरत्या वाटेने जात होता. आता तो टाकीतून खाली येतो, मग तीन-साडेतीन फूट वर चढतो, कठडा ओलांडतो आणि पुन्हा खाली उतरतो. उलटा यू. टाकीतून आलेली हवा असो की पाण्यातून सुटलेली, ती या यूच्या डोक्यावर जाऊन बसते, तिला दुसरी जागाच नाही. पंप जोरात असेल तर तो तिला खाली रेटतो. पण घरगुती प्रेशर पंपात बऱ्याचदा फ्लो स्विच असतो. आधी आपसूक थोडं पाणी वाहायला लागलं, तरच तो पंपाला उठवतो. वर हवा अडली, पाणी हललंच नाही, पंप उठलाच नाही, नळ कोरडा. आणि कधी पंपाच्याच पोटात हवा भरली तर तो नुसता घरघरतो. त्याचा पंखा पाणी फेकायला केलेला असतो, हवा फेकायला नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ठाण्यात, पाचपाखाडीला, माझ्या मावशीच्या घरी. गच्चीच्या दाराच्या चौकटीवरून पाइप नेला, दिसायला कसा सरळ, सुबक. सहा महिने मावशी फोन करायची, मी जाऊन हवा काढायचो आणि शिवाय तिच्या हातचं थालीपीठ खाऊन यायचो. शेवटी काकांनी विचारलं, ‘अरे, आधी पाइप खालून जात होता तेव्हा होत होतं का हे?’ मी त्याच दिवशी पाइप खाली घेतला.

तुम्हीही खालीच घ्या. कठड्याला तळाशी भोक पाडून पाइप टाकीपासून खालपर्यंत सतत उतरता ठेवा, कुठेही चढ नको. भोकाभोवतीचं वॉटरप्रूफिंग मृगाच्या आधी नीट भरून घ्या, नाहीतर पुढच्या पत्रात ओल आलेल्या भिंतीबद्दल लिहाल. पाइप कठड्याला धरून जातो तिथे हातभर अंतरावर क्लॅम्प मारा. गरम पाण्याचा सी.पी.व्ही.सी. (प्लॅस्टिकचा पाइप) तापला की लांब होतो, मध्ये आधार नसला की कमरेत वाकतो आणि पुन्हा छोटे छोटे यू तयार होतात.

आता चिरंजीवांचा व्हॉल्व्ह. त्यांचं चुकलेलं नाही, फक्त त्यांच्या घरातलं पाणी वेगळं आहे. तिकडे घर गरम ठेवणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी बंद असते. बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांतून तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, थंड असताना दाब साधारण एक बार. एकदा रेडिएटरच्या टोकाला किल्ली फिरवून हिस्स आवाज थांबेपर्यंत आणि पाणी दिसेपर्यंत हवा सोडली, दाब कमी झाला असेल तर पाणी भरून तो पुन्हा जागेवर आणला, की हंगामभर बघायला लागू नये. तुमच्या पाइपात मात्र रोज नवं पाणी, आणि वर नाक उघडं. तुमच्याकडे कठड्यावरच्या त्या यूच्या डोक्यावर आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, तर पंप चालू असताना तो हवा सोडेल. पण पंप बंद असताना कुणी तळमजल्यावर नळ सोडला, की दोन मजले खाली पडणारं पाणी मागच्या पाण्याला ओढतं. त्या वेळी वर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो, आणि तोच व्हॉल्व्ह हवा आत घ्यायला लागतो. हवेला बाहेर काढायला ठेवलेला राखणदार तिलाच दार उघडून देतो. पाइप उतरता केलात तर त्याची गरजही नाही.

मुलाला एक निरोप द्या. त्याला दर पंधरा दिवसांनी रेडिएटरची हवा काढावी लागत असेल, तर त्याच्याही घरी दार कुठेतरी उघडं आहे. कुठेतरी बारीक गळती असेल आणि दाब टिकवायला तो वरचेवर नवं पाणी भरत असेल, तर प्रत्येक भरणीबरोबर नवी हवा येते. किंवा आत लोखंड गंजत असेल, तर जमणारा वायू हवा नसून हायड्रोजन असतो. तो पेट घेतो, तेव्हा हवा सोडताना जवळ काडी पेटवू नये. आणि घर जुन्या धाटणीचं, माळ्यावर छोटी टाकी आणि उघडा व्हेंट पाइप असलेलं असेल, तर पंप चुकीच्या जागी बसवल्यामुळे व्हेंटमधून हवा ओढली जाते. तुमच्या गच्चीवर होतंय तेच, फक्त थंडी जास्त.

नळ्या आणि टाकीबद्दल विचारलंत. नळी गेली की ओळखू येते. तिच्या खालच्या टोकाला आतून जो चंदेरी डाग असतो तो पांढरा पडतो. सकाळी टॉर्च घेऊन एकेक बघा. सगळे चंदेरी असतील तर नळ्यांना हात लावू देऊ नका. टाकी बाहेरून कुठे खोलगट झालेली नसेल, फोमच्या सांध्यातून पाणी झिरपत नसेल, तर तिलाही काही झालेलं नाही. पाणी गरम येतंय ना? मग गरम करणारं यंत्र ठीक आहे, बिघाड नेण्या-आणण्यात आहे. रिंगा मात्र सात-आठ वर्षांच्या झाल्या. बुचामुळे त्यांच्यावर ओढही बसली. कुठल्या नळीच्या तोंडाशी ओल दिसली तर तेवढी रिंग बदला.

कामाचा क्रम असा ठेवा. बूच उद्या. व्हेंट या आठवड्यात. एक इंची पाइप आणि कठडा एकाच दिवशी, म्हणजे एकदाच लाइन रिकामी करावी लागेल. आणि त्या दिवशी महापालिकेचा शटडाऊन नाही ना ते आधी बघा. टाकी कोरडी पडली तर संध्याकाळी सगळं भरायला पाणी नसेल, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात भरायचं नाही हे वर सांगितलंच आहे.

बूच सैल करताना खालच्या नळाला काय झालं, ते मला नक्की कळवा.